सिन्नरच्या वत्सलाबाई

यादव खैरनार सर टपालाने शेळीपालन शिकवायचे, तेव्हा जन्मात शेळी न पाहिलेले लोकही पहिल्या वर्गात पास होत. विद्यार्थी उत्तरपत्रिकेच्या तळाशी ताजा कलम लिहीत: शेळी व्याली, सून मात्र रुसून माहेरी गेली. सर दोन्हींवर सल्ला देत. पुढे कॅसेट आली, मग सीडी आली आणि दोन हजार सहा साली संस्थेने सगळा अभ्यासक्रम इंटरनेटवर चढवला. संगणक परस्पर गुण देऊ लागला. सरांच्या पंचवटीतल्या घरी पोस्टमन आला तर चुकीच्या पत्त्यावरची लग्नपत्रिका घेऊन.

सरांच्या वाट्याला उरला इंटरनेटवरचा चर्चाकट्टा. पाच विद्यार्थी बोलते नसतील तर कट्टा बंद, असा नियम होता. बोलणारी एकच, पेठजवळच्या पाड्यावरची चांगुणा भोये. दर मंगळवारी जीपने पेठला येऊन ती सायबर कॅफेत बसायची. बायको गेल्यापासून सरांशी बोलणारंही तेवढंच. तेव्हा सरांनी खोट्या नावांनी स्वतःच लिहून कट्ट्यावर चार विद्यार्थिनी जन्माला घातल्या. त्यांतल्या थोरल्या सिन्नरच्या वत्सलाबाई. चौघी इतक्या भांडायच्या, की एकदा सरांना मध्ये पडावं लागलं.

चांगुणा सरांना जंतांचं औषध विचारायची. नवरा द्राक्षांच्या कामाला गेला की घर कसं खायला उठतं, ते मात्र वत्सलाबाईंना सांगायची. एकदा तिने त्यांना लिहिलं, मंगळवारी नाशिकला येतेय, सीबीएस बसस्टँडवर भेटा.

सर गेले. पेठच्या गाडीतून उतरलेल्या बाईला नाव विचारून त्यांनी आपली ओळख दिली आणि सांगितलं, वत्सलाबाईंचा गुडघा धरलाय.

"सर, त्या चौघी रोज दुपारी दोनलाच बोलतात," चांगुणा शांतपणे म्हणाली. "कट्ट्यावर टाइम दिसतो. आमच्या पाड्यावर चार बाया एका टायमाला मोकळ्या कधीच नसतात."

सरांनी चष्मा पुसला. उद्याच संस्थेला कळवून कट्टा बंद करतो, म्हणाले.

"नका. तुमाला फक्त जंतांचं विचारता येतं. बाकीचं मी वत्सलाबाईंना सांगते."

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई कट्ट्यावर आल्या; या खेपेला मुद्दाम सकाळी साडेदहाला. गुडघ्यामुळे येता आलं नाही म्हणून त्यांनी माफी मागितली. मग खाली एक ओळ जोडली: सर कसे वाटले?

उत्तराला मंगळवार उजाडावा लागला. तोवर उरलेल्या तिघींना एक अक्षर सुचलं नाही.

"सर बरे हायेत," चांगुणाने लिहिलं होतं. "पण घरी त्यांच्याशी बोलायला कोणी नसावं. तुमी अधूनमधून विचारपूस करत जा."