नवरा-नवरीचा सोफा, सरांच्या खोलीत

बातमी आली त्या सकाळी सर रोजच्यासारखे माझ्यावरची धूळ झटकत होते. मी एक सोफा. पण ऐरागैरा नव्हे, नवरा-नवरीचा! लाल मखमल, सोनेरी हात, पाठीवर दोन मोर. हिंगोलीच्या एका मंडपवाल्याकडे असताना मी कित्येक जोडपी मांडीवर घेतली. मोरांचा रंग उडाला, आणि धम्मानंद सरांनी मला आपल्या समुपदेशनाच्या खोलीत आणलं. आता माझ्यावर बसून लोक रडतात. लग्नातही रडायचेच म्हणा!

माणसांची एक गंमत आहे. जरा बरं वाटलं की ती सरांसाठी स्थळ आणतात. कळमनुरीच्या गंगूताई तर बरं वाटायच्या आधीच आणू लागल्या. नवरा व्यंकटराव वारल्यापासून त्यांना झोप नव्हती. पण व्यंकटरावांचा विषय निघाला, की त्या पिशवीतून एखाद्या मुलीचा फोटो काढत. सर कसनुसं हसत, आणि बोलणं तिथंच अडे.

त्या सकाळी शेजारची संगिता धापा टाकत आली. "सर, गल्लीच्या ग्रुपवर तुमचा फोटो फिरून राहिला! पुण्याच्या मोर्चातला, सप्तरंगी झेंडा घेतलेला!"

दुपारपर्यंत दोघांनी येत नसल्याचं कळवलं. माझ्या स्प्रिंगा कुरकुरू लागल्या. गंगूताई येतील?

आल्या. पिशवी छातीशी धरून बसल्या. "खरं हाय का, सर?"

"खरंय, ताई. माझं मन पुरुषांवर जडतं. तुम्हाला इथं अवघड वाटत असेल, तर दुसरं कुणी सुचवतो."

गंगूताईंनी डोळे मिटले. मी मखमल आवळून धरली.

"सात पोरी!" त्या कडाडल्या. "सात पोरींच्या मायबापाला शब्द टाकला मी! काहून बोलला न्हाई?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

"अन् ही आठवी पिशवीत हाय, तिचं काय करू?"

मग जे हसू फुटलं! त्या हसल्या, सर हसले, मी तर पायांवर डुललो.

"आमचे हे असते," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तर लई हसले असते. मला म्हणायचे, गंगू, तुला लोकांच्या लग्नाची लई घाई."

'हे' त्या खोलीत पहिल्यांदाच आले. सर ऐकत राहिले. त्या दिवशी पिशवी उघडलीच नाही.

गंगूताई अजून येतात. व्यंकटरावांचा राग, त्यांचं घोरणं, चहात चार चमचे साखर, सगळं सांगतात. माझी डावी स्प्रिंग पार बसली आहे. कुणीतरी बदला हो, एवढंच मागणं.

व्यंकटरावांच्या शेवटच्या दिवसाचं मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही.