वहीतली खूण

“हे मी कोरणार नाही,” काका म्हणाले आणि छिन्नी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली.

रुग्णालयाचा कारकून कागद धरून उभाच राहिला. नव्या इमारतीच्या दारावर बसवायची शिळा समोर घासूनपुसून तयार होती. उद्घाटन सोमवारी.

“अहो, दोनच तर शब्द. मेमेंटो मोरी. समितीनं यादीतून निवडलेत. लॅटिन म्हणजे कसं वजनदार वाटतं.”

“अर्थ विचारला कुणी?”

“अर्थ कोण बघतंय? दारावर शोभलं म्हणजे झालं.”

काकांनी फळीवरची निळी वही काढली. अर्थ कळल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. शाळांची, कॉलेजांची ब्रीदवाक्यं यायची. त्यांची बायको सातवी शिकलेली, पण वाचनालयात जाड कोश उघडून बसायची आणि या वहीत उतरवायची. आधी लॅटिन वाक्य, खाली त्याचा इंग्रजी अर्थ, शेवटी आपल्या भाषेत. शिळा दुकानातून हलली की वाक्यापुढे बरोबरची खूण करायची. शेजारी हसायचे, “दगड फोडणाऱ्याची बायको लॅटिन शिकतेय!” ती म्हणायची, “फोडत नाहीत, बोलता करतात.”

काकांनी एका थडग्याच्या जुन्या कामाचं पान काढून वाचलं, “रिमेंबर यू मस्ट डाय. म्हणजे लक्षात ठेव, तुला मरायचंय.”

कारकून मटकन स्टुलावर बसला. “अरे देवा! तळमजल्यावर बाळंतपणाचा विभाग आहे हो!”

“बरंय की. दारातच कळवून मोकळे.”

“हसू नका काका. समितीला कसं सांगू? म्हणतील, मशीनवाल्याकडे द्या, तासाभरात काम.”

“खुशाल द्या. हातचं काम जाऊ दे. गेल्या वर्षी माझी बायको तुमच्याच रुग्णालयात आली होती. पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली, परत उतरली नाही. वर हे लिहिलेलं असतं, तर तिनं वाचलं असतं. तिला कळलंही असतं.”

कारकून स्टूल सरकवून काकांजवळ आला. वही ओढून पानं चाळू लागला. शेवटच्या पानावर थांबला. “या वाक्यापुढे खूण नाही?”

“ते कुणी मागितलंच नाही. तिथल्या खाटेवर पडल्यापडल्या लिहिलं तिनं.”

अक्षर वाकडंतिकडं होतं. डुम स्पीरो स्पेरो. व्हाइल आय ब्रीद, आय होप. श्वास आहे तोवर आशा आहे.

कारकून फोन घेऊन बाहेर गेला. बऱ्याच वेळानं आला. “साहेब आधी चिडले, मग अर्थ पुन्हा विचारला. हेच कोरा म्हणाले. कुणी सुचवलं, विचारत होते.”

“माझ्या बायकोनं, म्हणून सांगा,” काका ताठ बसत म्हणाले. “सातवी पास.”

शनिवारी दुपारी शिळा टेम्पोत चढली. टेम्पो वळेपर्यंत काका दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी वही उघडली, तिची पेन्सिल घेतली आणि त्या वाक्यापुढे खूण केली. हाताला छिन्नीची सवय. खूण जरा जास्तच दाबली गेली आणि खालच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर उमटली.