हलतं माप

कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. गाडीची नवी बॉडी त्याच्या थंडगार खोलीत शिरली की वेल्डर हातातलं काम टाकून बाहेरून काचेतून डोकावायचे. दार आणि चौकट यांच्यातली फट तो गेज घालून मोजायचा, आणि केसभर जरी जास्त निघाली तरी "न्या परत" म्हणून मोकळा व्हायचा. कुणी पुन्हा मोजा म्हणून गयावया केली, तर उत्तर ठरलेलं असे, "एकदा मोजलं की मोजलं." हे म्हणताना त्याला जे सुख व्हायचं, ते लग्नातसुद्धा झालं नसेल.

घरीही तोच खाक्या. हल्ली बायको चहा अर्धाच कप देते, हे त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. "अर्धाच का? नवऱ्याची किंमत निम्म्यावर आली वाटतं!" तो रोज विचारायचा. ती आत निघून जायची.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच खोलीत त्याच्या हाताखाली होता. त्याला तिथं लावलं होतं मिलिमीटरनंच, आणि ते ऐकवायची संधी तो सोडत नसे. पण काही महिने झाले, दोघांची मापं जुळेनात. मिलिमीटरनं नापास केलेलं दार मेहुण्यानं मोजलं की ठीक निघायचं. मिलिमीटरच्या डोक्यात तिडीक गेली.

तो तडक मॅनेजरकडे गेला. "आमच्या दोघांची चाचणी घ्या. ज्याचं माप हलेल, त्यानं ही खोली सोडायची. कायमची."

चाचणी तशी साधी असते. तीच दारं, नंबर झाकून, क्रम बदलून पुन्हा पुन्हा मोजायला देतात. हे दार मघाचंच की दुसरं, ते मोजणाऱ्याला कळत नाही. हात पक्का असेल तर एका दाराचं माप दरवेळी तेच येतं.

मेहुण्यानं त्याला जिन्याखाली गाठलं. "दाजी, चाचणी मागे घ्या. पाया पडतो. ताईसाठी तरी."

"आत्ताच पाय लटपटायला लागले?" मिलिमीटर हसला. दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "बायकोचा भाऊ म्हणून सांभाळला हो! नाहीतर या आंधळ्याच्या हाती साधी पट्टी तरी कुणी दिली असती?"

मेहुण्याचं ताट तसंच राहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला, "होऊन जाऊ दे."

चाचणीला अर्धा बॉडीशॉप काचेबाहेर लोटला. मेहुणा मोजून बाजूला झाला. मग मिलिमीटरनं गेज फटीत घातलं, आणि आतून बारीक आवाज आला. टक टक टक. गेजचं टोक पत्र्यावर आपटत होतं.

"जमीन हादरतेय!" तो ओरडला. "आधी तो शेजारचा पत्र्याचा प्रेस बंद करा. असं मोजतात का कुठं?"

मॅनेजरनं प्रेस बंद करवला. सगळीकडे सामसूम झाली. त्या शांततेत मिलिमीटरनं पुन्हा गेज घातलं, आणि टक टक आता काचेबाहेरच्यांनाही स्पष्ट ऐकू गेलं.

मॅनेजर भला माणूस. नजर चुकवत म्हणाला, "आज दमला असाल. उद्या पुन्हा घेऊ. यांची हरकत नसेल तर."

सगळे मेहुण्याकडे बघायला लागले. मिलिमीटरही बघत होता, आणि त्या नजरेत आता गयावया होती. मेहुण्यानं गेज फडक्यानं पुसलं, डबीत ठेवलं, डबी मिटली.

"एकदा मोजलं की मोजलं, दाजी."

काचेबाहेर एक वेल्डर फिसकन हसला. मग सगळेच हसले.

तो घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. बायकोनं चहा आणून पुढ्यात ठेवला. कप काठोकाठ भरलेला.

"तुला माहीत होतं?"

"तुमच्या शर्टावर पहिल्यांदा चहा सांडला तेव्हापासून. तुमचा स्वभाव माहीत, म्हणून गप्प राहिले. यांच्यामागून मोजत जा, असं त्याला मीच सांगितलं होतं. इतके महिने तुमच्या चुका निस्तरल्या त्यानं, आणि तुम्ही त्याला चारचौघांत आंधळा म्हणालात." ती खुर्ची ओढून समोर बसली. "रोज विचारता ना, अर्धाच का? आज भरून दिलाय. उचला."

मिलिमीटरनं दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवले. चहावर साय धरली, तरी ती समोरून उठली नाही.