दुमडलेलं टोक

आत्मारामने फिल्म धुवायच्या डब्याचं झाकण काढलं, चक्रीवरून ओली फिल्म उलगडली आणि बाथरूमच्या दारातून येणाऱ्या उजेडासमोर धरली. आधी त्याला वाटलं, चष्म्यावर पाणी उडालंय. बनियनच्या टोकाने त्याने चष्मा पुसला नि परत बघितलं. पाटावर बसलेली संचिता जिथे दिसायला हवी तिथे ती होती खरी, पण तिच्या अंगातून खिडकीचे गज आरपार गेले होते. पुढच्या चौकटीत पाच सवाष्णींच्या घोळक्यात गॅसची शेगडी पेटलेली. त्याच्या पुढे तर सगळा गोपाळकाला.

"झाले का चांगले?" मंदाने खोलीतून विचारलं.

"सुकू दे आधी," तो म्हणाला. फिल्म दोरीला चिमट्याने लटकवून तो बाहेर आला आणि खाटेवर बसला.

मंदा खाली चटईवर लेकीच्या लग्नातल्या आहेरांचे रंगीत कागद घेऊन बसली होती. एकेका कागदाची घडी अंगठ्याने दाबून सरळ करायची आणि गादीखाली सारायचा, हे काम चार दिवस चाललं होतं. मंदाला चुरगळलेलं, दुमडलेलं काही बघवत नसे. दुधाच्या पिशव्यासुद्धा ती धुऊन, सपाट करून ठेवायची. शेजारच्या मृणालिनीबाई तिला म्हणायच्या, तुझ्या हातात दिलं तर तू कुत्र्याचं शेपूटही सरळ करशील.

संचिता शनिवारी येणार होती. लग्न होऊन विरारला गेलेल्या लेकीचं पहिलंच माहेरपण, आणि फोनवर तिने आईला आधी विचारलं होतं ते हळदीच्या फोटोंचं. लग्नाच्या हॉलवर सासरच्यांनी फोटोवाला लावला होता. त्याचा तो नवा डिजिटल कॅमेरा आणि उशीएवढा जाड अल्बम. पण हळद गोडदेवला, ह्या घरात झाली होती, आणि तिचे फोटो मीच काढणार म्हणून आत्माराम अडून बसला होता. भाच्याने मोबाइल वर केला तर त्याने तोही खिशात ठेवायला लावला, मध्ये मध्ये हात येतात म्हणून. म्हणजे आता संचिताच्या हळदीचे फोटो जगात एकाच ठिकाणी होते, बाथरूममधल्या दोरीवर, आणि ते असे.

हळदीचे फोटो काळे-पांढरे काढणार ह्यावर मंदा आधीच हसली होती. पिवळं दिसणार नाही, पोरीला पीठ फासल्यासारखं दिसेल, म्हणाली होती. त्याने ते हसण्यावारी नेलं. पण दुसरं एक ती बोलली होती ते त्याला हसण्यावारी नेता येईना.

झालं होतं असं. मुलाकडून उष्टी हळद आली, सवाष्णींनी लावली, काकू-आत्यांनी लावली, मामाने लावली. मंदाने स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येऊन लावली आणि परत भाजीकडे पळाली. कोणी ना कोणी आत्मारामलाही हाक मारत होतं. तो म्हणत होता, आलोच, एवढा एक काढतो. आणखी एक, हा उजेड चांगला आहे. असं करता करता वाटी रिकामी झाली आणि संचिता आंघोळीला उठली. सगळी आवराआवर झाल्यावर मंदा भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली होती, "सगळ्या गावाने हळद लावली पोरीला. बाप तेवढा राहिला."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ते नुसतं सांगितलं, गॅस संपलाय सांगावं तसं. तेव्हापासून आत्मारामच्या मनात ते कुसळासारखं रुतून बसलं होतं. त्याने स्वतःची समजूत घातली होती की फोटो तर आहेत. हाताने लावली नाही, पण डोळ्यांनी सगळी बघितली, आणि ती पोरीला कायमची देता येईल. आता तेही गेलं.

हे खूळ त्याला लावलं डोंगरीच्या मॅन्युएलने. आत्माराम भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होता. दिवसभर पातेली चकचकीत करणाऱ्या माणसाला काळ्या-पांढऱ्याची ओढ का लागावी, कोण जाणे. मॅन्युएल लग्नाचे फोटो काढायचा. धंद्यासाठी त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना रशियन कॅमेरा, फोटो मोठे करायचं यंत्र, ट्रे आणि लाल दिवा, सगळं आत्मारामच्या गळ्यात घातलं. मग आत्मारामने चोरबाजारातून आणखी दोन जुने कॅमेरे उचलून आणले आणि घरातलं एकुलतं एक बाथरूम रविवारचं ह्या कामाला लागलं. मोठ्या रिळातून फिल्म कापून जुन्याच डब्यांत भरायची, हेही मॅन्युएलनेच शिकवलं. त्यामुळे सगळे रोल दिसायला सारखे. रोल संपला की फिल्म उलटी गुंडाळायची, पण टोक, ज्याला ते दोघे जीभ म्हणत, बाहेरच ठेवायचं.

"वापरलेल्या रोलची जीभ दुमडून ठेवत जा," मॅन्युएलने बजावलं होतं. "न्हाय तर इसरशील आणि त्योच परत घालशील. माझा झालेला हाय. नवरीवर म्हैस चढली व्हती."

आत्माराम कधीच विसरला नव्हता. सरळ जीभ म्हणजे नवा रोल, दुमडलेली म्हणजे झालेला. हळदीच्या दिवशी त्याने पत्र्याच्या डब्यातून उचलला तो रोल सरळ जिभेचा होता, हे तो शपथेवर सांगू शकत होता.

फिल्म सुकल्यावर त्याने ती भिंग घेऊन खिडकीत धरली. उलट्या उजेडातले चेहरे वाचायची त्याला सवय होती. गज त्यांच्याच खिडकीचे होते. शेगडी त्यांचीच, तिच्यासमोर पाठमोरी मंदा, कमरेला पदर खोचलेला. दाराबाहेर त्याच्या कारखान्यातल्या चपला. कपडे वाळत घालायची काठी. खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेला एक माणूस, पोटावर वर्तमानपत्र.

भिंग त्या माणसावर थांबलं. पोट ओळखीचं होतं. बनियनही.

हे फोटो त्याने काढलेले नव्हते. माणूस आपला झोपेतला फोटो आपण कसा काढील? मंदा कॅमेऱ्याला हातही लावत नसे, शॉक लागेल म्हणायची. राहिलं कोण? संचिता तर ह्या सगळ्याला भंगार म्हणायची. बाबा, तुमच्या भंगारावर एक चादर तरी टाका, पाहुणे येतात. आत्मारामला आता आठवलं, लग्नाआधी एका संध्याकाळी चहा पिता पिता तिने सहज विचारलं होतं, कॅमेऱ्यात तो उजेडाचा काटा दिसतो, तो मध्ये आणायचा असतो ना? त्याने हौसेने सगळं समजावलं आणि पोरीने जांभई दिली म्हणून गप्प बसला होता. अगदी शहाणी कार्टी!

त्याने कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत राहिलेले रोल ओळीने उभे होते, एकूण एक सरळ जिभेचे. त्यातले निम्मे तरी त्याने स्वतः दुमडून ठेवलेले होते. जवळ धरून बघितलं तेव्हा एकेका जिभेवर पुसटशी आडवी रेघ दिसली.

"मंदा, ह्या डब्याला कोणी हात लावला होता?"

"मीच. लग्नाची साफसफाई नाही का केली?" ती कागदावरून मान वर न करता म्हणाली. "किती ती टोकं वाकलेली तुमची. बसून एकेक सरळ केलं. तुम्हाला वेळ कुठे असतो."

आत्मारामने तोंड उघडलं. मंदा कागदावरून अंगठा फिरवत होती. मुलीच्या आहेराचा एक कागद, दुसरा, तिसरा. मुलगी गेल्यापासून तिचे हात रिकामे राहिलेच नव्हते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धा दिवस रजा टाकली, बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावला आणि लाल दिवा पेटवला. दोनदा उजेड लागल्याने फिल्म इतकी दाट झाली होती की कागदावर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट उजेड द्यावा लागत होता. बरेचसे फोटो वायाच गेले. काहींच्या मधोमध दुसऱ्या चौकटीची कड आलेली, काहींत नुसती माणसांची आणि भांड्यांची खिचडी. दोनचार मात्र जमले. एकात संचिताच्या मागच्या अंधारात मंदा शेगडीपाशी उभी होती. त्या दिवशी खरोखरच ती तिथे होती, फक्त भिंतीपलीकडे.

मग त्याने आणखी एक कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिला. आधी संचिताचे डोळे आले, मग गालावरची हळद, पीठ फासल्यासारखी पांढरी, मंदाचं खरं होतं. ती खाली बघून हसत होती. आणि तिच्यावर, बाजूने, हळूहळू एक हात उमटला. हाताच्या मागे खांदा, बनियन, चष्मा. हाताचा हा फोटो संचिताने स्वयंपाकघराच्या दारातून काढला असणार, तो दोरीवर ओली फिल्म टांगत असताना. फिल्म आणि चिमटा तिच्या काळ्या केसांमध्ये पुसट झाले होते. हात तेवढा दिसत होता. गालावर नव्हता, जरा वरच होता, केसांपाशी.

कागद वेळेत बाहेर काढायचं आत्मारामला भान राहिलं नाही. तो फोटो काळा पडला. त्याला दुसरा करावा लागला.

शनिवारी जावई संचिताला सोडून, चहा घेऊन गेले. संचिताने आईच्या गळ्यात पडणं, रडणं, हसणं, सगळं उरकलं. मग मंदा वाटण काढायला आत गेल्यावर ती कपाटाकडे वळली. आत्माराम वर्तमानपत्राआडून बघत होता. तिने स्टुलावर चढून डबा काढला, एक रोल उचलला, ठेवला, दुसरा उचलला. मग गोंधळून सगळ्या सरळ जिभांकडे बघत राहिली.

"काय शोधतेस?"

"कुठे काय." तिने डबा बंद केला. "तुमचं भंगार आहे का अजून, ते बघतेय."

त्याने उशाखालून फोटो काढून तिच्या हातात दिला. ती स्टुलावरून खाली उतरली आणि तिथेच फरशीवर बसली. फोटोतल्या हाताच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तिकडे न्यायला काढले होते मी," शेवटी ती हळूच म्हणाली. "घरात सगळ्यांचे फोटो आहेत बाबा, तुमचाच एक नाही. पण हे एकत्र कसं झालं? मी तर जीभ दुमडून ठेवली होती."

आत्मारामने स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं. संचिताने तिकडे बघितलं, मग डब्याकडे, मग गादीखालून डोकावणाऱ्या रंगीत कागदांच्या कडांकडे. तिला हसू आवरेना.

"काय खुसखुस चाललीय?" मंदा ओले हात पुसत बाहेर आली. "आले का फोटो? मला नाही दाखवायचे वाटतं?"

"फिल्म जुनी होती," आत्माराम घाईने म्हणाला. "एकावर एक आलंय सगळं."

मंदाने फोटो उजेडात धरला. आधी लेक बघितली, मग तो हात, मग चष्मा. पुन्हा लेक.

"लागली म्हणायची बापाची हळद," ती म्हणाली.

फोटोचा कागद सुकताना एका कोपऱ्यात वळला होता. मंदाने तो मांडीवर घेतला आणि वळलेलं टोक अंगठ्याने दाबून दाबून सरळ करायला लागली. बाप-लेक एकमेकांकडे न बघता ते बघत बसले.