झुलणारं घर

“अहो, हे घर का हलतंय?” बायकोनं मागून विचारलं आणि स्थिरबुवांचा चहा बशीत सांडला.

स्थिरबुवा हे गल्लीनं ठेवलेलं नाव. थरथरत्या हातांनी काढलेल्या फिल्म स्थिर करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या दुकानासमोरून जाताना खटारा गाड्यांचीही खडखड थांबते, असं लोक सांगत. मी स्वतः पाहिलंय; तुमचा विश्वास नसला तर राहू द्या. बायको मात्र म्हणे, “जगाचे हात धरता, आपलं जेवायचं टेबल तेवढं डुगडुगतंय.”

काम तसं साधं. एका चित्रातले ठळक ठिपके हेरायचे, पुढच्या चित्रात ते कुठे सरकले ते शोधायचं. बहुतेक ठिपके जिकडे गेले तो हाताचा हिसका समजायचा आणि चित्र तेवढंच उलटं ढकलायचं. शोधाशोध कॉम्प्युटर करी, बुवा निकाल बघत.

ही फिल्म आचारीकाकांची. काकांची सारी उमर बोटीवर रांधण्यात गेली. वादळात ते कढई लाटेबरोबर अशी वर नेत की थेंब सांडत नसे. उलट शेजारच्या बोटीचा रस्सा उडून यांच्या कढईत पडे. कधी बोट न लागलेला हा माणूस बायकोची फिल्म बघताना मात्र ओकायला धावायचा. ती गेल्यावर हलतीबोलती अशी तेवढीच उरली होती, आणि काढली होती यांच्याच कापऱ्या हातानं. “एकदा तरी तिला शेवटपर्यंत बघू दे, बुवा,” एवढंच मागणं.

आणि आज ती स्थिर करायला घेतली तर ही गत. काकू झुलत्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. मागचं सगळं अंधुक, त्यात कॉम्प्युटरला पकडता येईल असं काही नाही. सगळे ठिपके बसले काकूंच्या चौकड्यांच्या शालीवर. कॉम्प्युटरनं शालीलाच जमीन मानलं! काकू जागच्या जागी, आणि मागचं कपाट, खिडकी, दार, अख्खं घर झुलतंय.

तेवढ्यात काका आलेच. स्टूल ओढून बसलेसुद्धा.

“काका, गोंधळ झालाय,” बुवा ओशाळून म्हणाले. “उद्या या. खिडकीच्या चौकटीवर हातानं ठिपके लावतो. मग घर थांबेल, काकू झुलतील.”

काका पडद्याकडेच बघत राहिले. पडद्यावर काकूंनी शाल सावरली, काहीतरी सांगितलं, स्वतःच हसल्या. फिल्म संपली.

“पुन्हा लाव.”

बुवांची बायको लगबगीनं बादली घेऊन आली होती. “गरगरत नाही का हो तुम्हाला?”

“घराकडे बघतंय कोण?” काका म्हणाले. “समुद्रावर असताना डोळ्यांपुढे मला ती अशीच दिसायची, जागच्या जागी. हलायचो ते आम्ही. बुवा, हीच दे. हात लावू नकोस.”

बुवांनी फिल्म पुन्हा लावली. कपाट डावीकडे गेलं, परत आलं. काकांनी मान जराही हलवली नाही.