थेंबसरांचं दीड मिनिट

"सर, हलू नका. डोकं फ्रेमच्या बाहेर जातंय."

"डोकं गेलं तर जाऊ दे. हात दिसतायत ना? रसायनशास्त्र हातांनीच करतात," थेंबसर म्हणाले.

समन्वयक हसला नाही. विद्यापीठाने त्याला मोबाइल-शिक्षणासाठी नेमलं होतं. वय सव्वीस. त्याच्या वेळापत्रकात हसण्याचा रकाना नव्हता. ब्युरेट धरायच्या क्लॅम्पमध्ये त्याने आपला फोन आडवा आवळून बसवला होता. त्या क्लॅम्पने तेवीस वर्षांत काचेशिवाय काही धरलं नव्हतं, त्यामुळे तोही जरा अवघडल्यासारखा दिसत होता.

"नव्वद सेकंद, सर. त्यापुढे मुलं बघत नाहीत."

"माझ्या एका टायट्रेशनला चाळीस मिनिटं लागतात."

"म्हणून तर बघत नाहीत."

सरांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, इतरत्र कुठे नव्हतं. शेवटचा थेंब बीकरमध्ये पडताना ते श्वास रोखून धरत आणि सगळ्या वर्गालाही रोखायला लावत, म्हणून ते थेंबसर. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "अहो थेंब, जेवायला या."

शिकवायची त्यांची एक पद्धत होती. मुद्दा महत्त्वाचा असला की ते आधी तो साफ उलटा सांगत. गंभीर चेहऱ्याने. मग थांबत, भुवया वर नेत. वर्ग ओरडायचा, "नाहीऽऽ!" सर म्हणायचे, "शाब्बास! आता सांगा, का नाही?" आणि तिथून धडा सुरू व्हायचा. ते म्हणत, ऐकलेलं विसरतं माणूस, ओरडलेलं विसरत नाही. तेवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या अंगावर अ‍ॅसिड उडालं नव्हतं, त्यामुळे पद्धतीला नावं ठेवायला जागा नव्हती.

समोर बावीस रिकामी स्टुलं होती. समन्वयकाने अंगठा दाखवला.

"तीव्र अ‍ॅसिड पातळ करायचंय," थेंबसर फोनकडे बघून म्हणाले. मग भांडी, मापं, काचकांडी असं सगळं दाखवून झालं. "आता नीट ऐका. बीकरमध्ये आधी अ‍ॅसिड घ्यायचं, आणि त्यात वरून पाणी ओतायचं."

ते थांबले. भुवया वर गेल्या. चार सेकंद त्यांनी स्टुलांवरून नजर फिरवली. स्टुलं काही बोलली नाहीत, पण तेवीस वर्षांची सवय. त्यांना ऐकू आलं.

"शाब्बास!" सर म्हणाले. "आता सांगा, का नाही? कारण पाणी वर तरंगतं, क्षणात उकळतं आणि अ‍ॅसिड तोंडावर उडवतं. म्हणून आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड, तेही थेंब थेंब."

"मस्त, सर," समन्वयक म्हणाला आणि क्लॅम्प सैल करू लागला.

अ‍ॅपचं नाव होतं 'प्रयोगशाळा खिशात'. त्यातलं यंत्र शांतता कापायचं, कारण शांततेत मुलं दुसरीकडे जातात. त्याने ते चार सेकंद कापले. मग नव्वद सेकंद मोजले, आणि नव्वद बरोबर 'शाब्बास!'वर भरले. पुढचं सगळं 'अधिक माहिती' नावाच्या दुसऱ्या तुकड्यात गेलं. तो तुकडा आजवर एकानेच पाहिला होता. समन्वयकाने, आणि तोही आवाज बंद करून.

दहा दिवसांनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बायकोने व्हिडिओ लावला. नवरा खिशात मावतो म्हणून ती कौतुकाने बघत होती.

"अहो, हे उलटं नाही का?"

"काय उलटं?"

"अ‍ॅसिडात पाणी ओतायचं म्हणताय तुम्ही. वर शाब्बास म्हणताय. मी बारावीला विज्ञानात नापास झाले, पण एवढं मलाही ठाऊक आहे."

थेंबसरांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. पडद्यावर एक शांत, अनुभवी, विश्वासू गृहस्थ बावीस विद्यार्थ्यांना आंधळं करायची कृती सांगत होता आणि वर त्यांची पाठ थोपटत होता.

सकाळी ते समन्वयकाच्या टेबलासमोर उभे होते.

"काढून टाक तो."

"सत्र सुरू झालं, सर. आशय गोठलाय."

"आशय गोठला म्हणजे?"

"म्हणजे बदलता येत नाही. मध्येच बदललं तर परीक्षेत गोंधळ होतो. तुम्ही अ‍ॅपमधून तक्रार टाका ना."

सरांनी तक्रार टाकली. अ‍ॅपने सांगितलं, स्वतःच्या आशयाबद्दल तक्रार करता येत नाही. मात्र आपल्या आत्मपरीक्षणाबद्दल धन्यवाद. त्यांनी व्हिडिओला एक तारा दिला. सरासरी चार पूर्णांक नऊवरून चार पूर्णांक आठवर आली, तसा विभागप्रमुख बाईंचा फोन आला.

"मनाला लावून घेऊ नका हं. कुणीतरी जळतंय तुमच्यावर."

"बाई, तो मीच आहे. त्यात चूक आहे, जीवघेणी."

"हे बघा, हेच आवडतं मला तुमचं. किती नम्र!"

मग त्यांनी वर्गात जाऊन हात जोडले. "तुम्ही तक्रार करा. पंधरा जणांनी केली की व्हिडिओ थांबतो."

"तुमच्याविरुद्ध? शक्यच नाही, सर!" मागून एक जण म्हणाला.

"पहिल्यांदा कुणीतरी मनापासून शिकवतंय आम्हाला," पहिल्या बाकावरची सतरा नंबरची मुलगी म्हणाली. ती दुसऱ्या तुकडीतून नुकतीच इकडे आली होती. आईने शिवणकाम करून शिकवलेली, वहीला स्वतः शिवलेलं कव्हर घालणारी.

"अरे, ते उलटं आहे. आधी पाणी, मग अ‍ॅसिड! कळलं का?"

"कळलं, सर!" सगळे म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत प्रेमापोटी अकरा जणांनी पाच-पाच तारे दिले. सरासरी पुन्हा चार पूर्णांक नऊ झाली. मात्र त्या दिवशी वर्गात नसलेल्या दोन तुकड्या होत्या, आणि वर्गात असलेल्यांतही निम्म्यांच्या कानात काहीतरी खुपसलेलं होतं.

सरांनी अ‍ॅसिडच्या बाटलीवर हाताने चिठ्ठी लिहून चिकटवली. तिसऱ्या दिवशी तपासणी समितीने ती काढली, कारण विद्यापीठ कागदमुक्त झालं होतं. त्यांनी पुन्हा चिकटवली. समितीने पुन्हा काढली आणि सरांना कागदमुक्तीवरचा व्हिडिओ पाठवला. तो सहा मिनिटांचा होता. मग ते स्वतःच प्रत्येक प्रात्यक्षिकाला कपाटाशी उभे राहू लागले, बाटली आणि मुलं यांच्या मध्ये. तीन आठवडे ते पाणी प्यायलाही हलले नाहीत.

चौथ्या आठवड्यात प्रशिक्षणाचा आदेश आला. सक्तीचं, दिवसभर. विषय होता 'मोबाइलसाठी उत्तम आशय कसा घडवावा', आणि उत्तम आशय त्यांचाच होता.

"मामा, आज कुणाला बाटली द्यायची नाही," त्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला सांगितलं. मामा तीस वर्षं बीकर धूत आला होता.

"नाही देत, सर. जा तुम्ही निर्धास्त."

सभागृहात साठ प्राध्यापकांसमोर, भिंतभर पडद्यावर थेंबसर म्हणाले, "त्यात वरून पाणी ओतायचं. शाब्बास!"

साठापैकी नऊ जण रसायनशास्त्राचे होते. ते आपापल्या फोनमध्ये होते. टाळ्या झाल्या.

सर उभे राहिले. "हे चूक आहे."

"प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ या, सर," समन्वयक ध्वनिक्षेपकावरून गोड आवाजात म्हणाला.

"प्रश्न नाहीये हा! चूक आहे!"

"बघा, उत्तम शिक्षक कधीच समाधानी नसतो," विभागप्रमुख बाई म्हणाल्या, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी मूक ठेवलेला फोन काढला. मामाचे सात कॉल येऊन गेले होते.

मामा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसला होता. त्याच्या खाकी शर्टाला बाहीवर तीन भोकं पडली होती.

"मी बाटली दिली नाही, सर. वरून माणूस आला, म्हणाला, प्रात्यक्षिक झालं नाही तर अ‍ॅपवर तुकडी लाल दिसते. त्यानेच कपाट उघडलं. ही सतरा नंबरची पोरगी आधी अ‍ॅसिड घ्यायला लागली, मी म्हटलं, बाळा, थांब, असं नसतं. तर तिने मोबाइल दाखवला. म्हणाली, 'मामा, सर त्या दिवशी वर्गात काहीतरी म्हणाले खरं, पण हे बघा, इथे नीट सांगितलंय.' आता तुमच्यापुढे मी काय बोलू, सर? मी सातवी पास."

संरक्षक चष्मा तिच्याकडे होता. तो तिने कपाळावर ढकलला होता, कारण त्यातून फोनचा पडदा धूसर दिसत होता.

चौकशी समिती दुसऱ्याच दिवशी बसली. इतक्या वेगाने विद्यापीठात आजवर काही घडलं नव्हतं.

"वाक्य तुमचंच ना?"

"हो."

"आवाज?"

"माझाच. पण मी थांबलो होतो. मुलं 'नाही' म्हणतात."

"खोलीत मुलं होती?"

"नव्हती."

"मग 'नाही' कोण म्हणालं?"

टंकलेखकाने लिहिलं, कबूल. मग थेंबसरच म्हणाले, "मला काय करायचं ते करा. व्हिडिओ तेवढा आजच्या आज बंद करा."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. "तो आता पुरावा आहे. चौकशी संपेपर्यंत त्याला हात लावता येत नाही."

सरांचं ओळखपत्र जमा झालं. व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या अपघातानंतर तिपटीने वाढली.

जिन्यात समन्वयकाने त्यांना गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता. पहिल्यांदाच तो स्वतःच्या वयाचा दिसत होता.

"सर, एक रस्ता आहे. तक्रारीत 'इजा झाली' असा पर्याय आहे. तो दाबला की व्हिडिओ त्याच क्षणी बंद. कुणाला विचारावं लागत नाही. फक्त... ज्याला इजा झाली, त्यानेच दाबायचा."

सतरा नंबरच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डाव्याबद्दल डॉक्टर आशा आहे म्हणत. उजव्याबद्दल ते खिडकीकडे बघत. आई स्टुलावर बसून पांघरुणाची उसवलेली कड शिवत होती. सरांना बघून ती उठली नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली नव्हती.

"तुम्हीच का ते?" तिने विचारलं.

"मीच."

"मोबाइलमध्ये उंच वाटता."

सर उभेच राहिले. मुलीने आवाजावरून मान वळवली. "सर, मी शंभर वेळा पाहिला होता तो. पाठ होता मला."

"बाळा, माझं चुकलं," थेंबसर म्हणाले. आणखी बरंच ठरवून आले होते, ते आलं नाही. मग त्यांनी पर्यायाचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "आई, फोन दे. उद्या नऊला दुसऱ्या तुकडीचं प्रात्यक्षिक आहे."

अ‍ॅप उघडलं. ते चेहरा बघून माणूस ओळखायचं. आईने फोन लेकीच्या तोंडासमोर धरला.

'कृपया डोळे उघडा,' अ‍ॅप म्हणालं. बाईचा आवाज होता, फार आर्जवी.

आईने फोन जवळ नेला, लांब नेला, खिडकीच्या बाजूने धरला.

'कृपया डोळे उघडा.'

"अहो बाई, तिला उघडता येत नाहीत," आई त्या फोनला म्हणाली, सरकारी खिडकीतल्या माणसाशी बोलावं तशी. "ॲसिड उडालंय हो. मीच तिची आई, मी सांगते ना."

'कृपया डोळे उघडा.'

पाचव्या वेळेनंतर अ‍ॅपने सुरक्षेसाठी खातं एक दिवस बंद केलं. आईने फोन उशीखाली ठेवला आणि पुन्हा सुई हातात घेतली. दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला. मग मुलगीच म्हणाली, "सर, नऊच्या आत काहीतरी करा."

सकाळी आठला थेंबसर विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आत जायची त्यांना परवानगी नव्हती. रस्ता मात्र सगळ्यांचा होता. येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते अडवत होते.

"रसायनशास्त्र? दुसरी तुकडी? कानातलं काढ, बेटा. आधी पाणी. मग त्यात अ‍ॅसिड, थेंब थेंब. म्हणून दाखव."

काही जण म्हणून दाखवत. काही जण बाजूने निघून जात. सर त्यांच्यामागे चार पावलं जात आणि चालता चालता सांगत. दोघी हसल्या. एकाने त्यांचा व्हिडिओ काढला. सरांनी त्याच्या फोनकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, मध्ये न थांबता.

पावणेनऊला दरवानाने आतून आपली खुर्ची आणून त्यांच्याजवळ ठेवली. "बसा, सर. उन्हाचं उभं किती राहणार?"

"नको," थेंबसर म्हणाले. "तास चालू आहे."

त्यांनी खुर्ची उचलून मुलांच्या वाटेतून जरा बाजूला ठेवली, आणि रस्ता ओलांडून येणाऱ्या पुढच्या घोळक्याकडे वळले. दुसऱ्या तुकडीतल्या बावीसपैकी चौदा झाले होते.