चुंबकाची आडपट्टी

वकिलांनी इंजिन आणून दिलं तेव्हा माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. कापसात गुंडाळलेलं, वीतभर लांबीचं, जुनं हिरवं इंजिन. मागच्या चाकाचा गियर चिरला होता.

"एवढंच करा मिस्त्री," वकील म्हणाले. "बाकी घड्याळासारखं चालतं."

वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण त्यांना सगळे वकीलच म्हणतात. त्यांच्या वरच्या मजल्यावर खोलीभर रेल्वे मांडलेली आहे, एवढं मला माहीत होतं. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नाही. लहान मापाची म्हणायचं.

मी कारखान्यात फिटर होतो. जुनी लहान इंजिनं दुरुस्त करायचा नाद आधी सुट्टीपुरता होता, निवृत्तीनंतर तेच रोजचं काम झालं. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल. या बाजूला मी, समोर ती. चाकं, गियर, पत्रा, रंग माझ्याकडे. मोटरचं वाइंडिंग तिच्याकडे. आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याला, तीन खांब असतात. त्यांच्यावर केसाहून बारीक तार गुंडाळायची. माझी बोटं जाड, तार सारखी तुटायची. एक दिवस ती "द्या इकडे" म्हणाली आणि माझ्या हातातून ते काम घेतलं, ते बावीस वर्षं परत दिलं नाही. तारेचं टोक ती निळ्या रेशमी दोऱ्याने बांधायची. तीन वेढे, एक गाठ, वर लाखेचा थेंब.

तिला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. या जुन्या मोटरींचा चुंबक नाजूक. मधलं आर्मेचर नुसतं ओढून काढलं की चुंबक उतरतो, त्याची ताकद जाते. म्हणून आर्मेचर बाहेर सरकत असतानाच चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी आडवी सरकवायची. मी त्यासाठी एक आडपट्टी स्वतः कानशीने घासून बनवली होती. काही वर्षांपूर्वी ती हरवली. मी बायकोवर खूप ओरडलो. ती खाली मान घालून तार गुंडाळत राहिली. मी दुसरी बनवली.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, घरात तिच्या हातचं एकही वाइंडिंग नाही. सगळी लोकांच्या इंजिनांत, लोकांच्या घरी. टेबलाच्या पलीकडे तिचा चष्मा आणि भिंग होतं, आणि निळ्या दोऱ्याचं अर्धं रीळ.

वकिलांच्या इंजिनाचा तळाचा पत्रा मी उघडला. गियर बदलायला मोटरला हात लावायची गरज नव्हती. पण मोटरच्या फटीतून निळं काहीतरी दिसलं. भिंग लावलं. तीन वेढे, एक गाठ, लाखेचा थेंब.

आधी बरं वाटलं. अचानक कोणी ओळखीचं भेटावं तसं. मग इंजिन उलटून पुन्हा बघितलं. माणसांचे चेहरे मी विसरतो, पण माझ्या टेबलावर येऊन गेलेलं इंजिन विसरत नाही. वकिलांची दोनच आली होती, एक काळं आणि एक तांबडं. हे हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

म्हणजे तिने हे माझ्या पाठीमागे केलं होतं. कुठे? आमच्या टेबलावर नाही. मग त्याच्या घरी.

ती दर गुरुवारी जेवण झालं की बहिणीकडे जायची. दोनला निघायची, साडेसहाला परत. मी मेहुणीला फोन लावला.

"ताई, ती गुरुवारी तुमच्याकडे किती वाजता यायची?"

"का हो भावोजी? आता हजेरी घेताय का?"

"सांगा ना."

"पाचला यायची. चहा घ्यायची, सहाला निघायची. साखर मात्र माझ्याकडची दोन चमचे, तुमच्या घरी तुम्ही तिला घेऊ देत नव्हता."

"पाचला? घरून तर दोनला निघायची."

"मला म्हणायची, गाडी बघून आले. मला वाटलं, कोणाला स्टेशनवर सोडून येत असेल नाहीतर काही. मी काही खोदून विचारलं नाही. आणि भावोजी, हे ती असताना विचारायचं. तेव्हा तुम्हाला टेबलावरून मान वर करायला फुरसत नव्हती."

मी फोन ठेवला. गाडी बघून आले!

खरं सांगतो, त्या दिवशी माझं दुःख कुठल्या कुठे गेलं. आठ महिने ज्याने जेवण जात नव्हतं ते अर्ध्या तासात गेलं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. वकील उंच. सत्तरीतही केस जागच्या जागी. बोलणं गोड. माझ्या बायकोने त्याच्यासमोर चष्मा लावून, मान तिरकी करून, जीभ ओठात धरून तार गुंडाळली असेल. ती गुंडाळताना जीभ ओठात धरायची. ते मला एकट्याला माहीत आहे असं मी समजत होतो.

मी मोटरचे दोन स्क्रू काढले आणि आर्मेचर ओढून बाहेर घेतलं. हातावर ठेवलं. करंगळीच्या पेराएवढं. मनात म्हटलं, हे आता त्याला मिळायचं नाही. खणात एक तयार आर्मेचर पडलं होतं, कुठल्या तरी मोडक्या मोटरमधलं. ते बसवलं. गियर बदलला. तिचं आर्मेचर तिच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी शर्टाच्या खिशात.

आमच्या टेबलावर हातभर लांबीचा रूळ आहे. इंजिन त्यावर ठेवून करंट दिला. सुर्रकन या टोकाचं त्या टोकाला गेलं. नेहमीपेक्षा जोरातच. झालं, म्हटलं, आणि खोक्यात भरलं. एरवी कोणाच्या घरी इंजिन पोचवायला मी जात नाही. या वेळी गेलो. मला ती खोली बघायची होती.

खोली मोठी होती. कमरेएवढ्या उंचीवर चारही भिंतींना लागून फळ्या, त्यावर रूळ, दोन स्टेशनं, एका कोपऱ्यात प्लास्टरचा डोंगर आणि त्यात बोगदा. बोगद्याकडे जाणारा रूळ चढाचा. चढासमोर एक बुटकं स्टूल होतं, त्यावर उशी. वकील उंच माणूस, त्यांना ते स्टूल गुडघ्यापर्यंतसुद्धा आलं नसतं. ते कोणाचं हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

वकिलांनी हिरव्या इंजिनाला पाच डबे जोडले आणि करंटची खुंटी फिरवली. सपाटीवर गाडी बरी चालली. चढाला लागली तशी दमली. अर्ध्यावर थांबली आणि नुसती गुणगुणत राहिली. जळका वास आला. वकिलांनी घाईने करंट बंद केला, इंजिनाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"तापलंय," ते म्हणाले. "मिस्त्री, मोटर उघडली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

म्हणता म्हणता मला कळलं. आर्मेचर ओढलं तेव्हा आडपट्टी लावली नव्हती. तीस वर्षांत एकदाही न केलेली चूक. चुंबक उतरला होता. उतरलेल्या चुंबकाची मोटर मोकळी सुसाट पळते आणि ओझं जोडलं की मान टाकते. माझ्या टेबलावर ते कळणारच नव्हतं. हातभर रुळावर डबे कोण जोडतो?

वकील माझ्याकडे बघत राहिले. हा माणूस आयुष्यभर लोकांना खोटं बोलताना ऐकत आलेला. त्यांनी फळीखालचा खण उघडला आणि एक लोखंडी पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. पट्टीच्या टोकाला निळा दोरा.

माझी आडपट्टी. कानशीचा प्रत्येक ओरखडा माझा.

"वहिनींनी इथे ठेवली होती," ते म्हणाले. "म्हणायच्या, मोटर उघडली की आधी ही. विसरले तर आमचे हे घर डोक्यावर घेतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती वर्षं येत होती?"

"सहा. तुम्हाला..." ते थांबले. "म्हणजे तुम्हाला नव्हतं माहीत."

"काय करायची इथे?"

"ओरडू नका मिस्त्री. बसा."

"त्या स्टुलावर? नको!"

ते स्वतः उभेच राहिले, मग मीही उभाच राहिलो. त्यांनी सांगितलं ते असं. एकदा मला ताप होता, गिऱ्हाईक घरी नको म्हणून तांबडं इंजिन पोचवायला ती आली होती. वकील तिला म्हणाले, मिस्त्रींना सांगा, असं वाइंडिंग मी दुसरीकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, ते मी करते.

"मी म्हटलं, अहो, पण मिस्त्रींना मी विचारलं होतं, तर ते म्हणाले मीच करतो."

मी खाली बघितलं. म्हणालो होतो. तिच्यासमोर नाही, पण म्हणालो होतो. एकदा नाही, बऱ्याच जणांना.

"चिडली का?"

"छे, हसल्या. म्हणाल्या, त्यांचं काही खोटं नाही, शिकवलं त्यांनीच. मग तांबड्याला डबे जोडून मी फेरी मारून दाखवली. वहिनी तिथेच खाली बसल्या. म्हणाल्या, बाई, ही ओढतातसुद्धा! सोळा वर्षं मोटरी बांधतेय आणि गाडी ओढताना आज पहिल्यांदा बघितली."

घरी ती कधीतरी म्हणाली होती, "अहो, थोडा रूळ वाढवा ना, वळण तरी घेऊ दे बिचाऱ्याला." मी म्हणालो होतो, "फिरतंय ना? झालं. घाल खोक्यात."

"त्या बघायला यायच्या," वकील म्हणाले. "हे हिरवं बंद पडलेलं होतं, त्यांनी इथेच बसून बांधलं. त्यांचं आवडतं. तुम्हाला का सांगितलं नाही ते मला ठाऊक नाही. एकदा म्हणाल्या, त्यांना वाटेल मी घरच्या कामाला कंटाळले."

मी इंजिन आणि आडपट्टी उचलली आणि निघालो. दारात वकील म्हणाले, "मिस्त्री, चढ चढला नाही तरी चालेल. पण त्यांची मोटर आहे ती. सांभाळून करा."

त्यांची मोटर! मला सांगतोय.

घरी येऊन डबी उघडली. त्या आर्मेचरवरून दोन दिवस माझी स्वतःशीच हुज्जत चालली. चुंबक परत भरून घेता येतो, बाजारामागे लाउडस्पीकर दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे यंत्र आहे. आत खणातलं आर्मेचर राहिलं तरी इंजिन चढेल. वकिलांना कळणार नाही. कळलं तरी ते बोलायचे नाहीत, तेवढा सभ्य माणूस आहे, आणि त्याचाच मला जास्त राग. तिचं वाइंडिंग माझ्या घरात राहील. बावीस वर्षांचं एक तरी.

पण डबीत ते फिरत नव्हतं. मी टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघितलं. दोन गिरक्या घ्यायचं आणि कलंडायचं.

तिसऱ्या दिवशी स्पीकरवाल्याकडे गेलो.

"काका, पट्टी लावायला विसरलात?" तो हसला. "तुम्ही? कॅलेंडरवर लिहून ठेवू का?"

"यंत्र चालव," मी म्हणालो.

त्याने चुंबक भरला आणि माझ्या आडपट्टीने तोंड बंद करून दिला. ओढून बघितली, सुटेना. घरी येऊन पट्टी जराजराशी सरकवत तिचं आर्मेचर आत घातलं. निळी गाठ वरच्या बाजूला आली. स्क्रू आवळले. हातभर रुळावर ठेवायला गेलो आणि ठेवलंच नाही. तसंच खोक्यात घातलं.

त्या दिवशी गुरुवार होता. ठरवून नाही, पण होता. वकिलांकडे पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

"तेव्हा मी मोटर उघडली होती," मी म्हणालो. "तिचं आर्मेचर काढून घेतलं होतं. आता परत घातलंय."

"बरं," वकील म्हणाले. एवढंच. त्यांनी पाच डबे जोडले. मग थोडा विचार करून सहावा जोडला.

मी स्टुलाकडे बघितलं. उशी मधे दबलेली होती. शेवटी बसलो. खाली बसल्यावर गाडी खालून दिसते, खऱ्या गाडीसारखी. वरून बघताना हे कळत नाही.

हिरवं इंजिन चढाला लागलं. आवाज बदलला, जड झाला, पण थांबला नाही. सहाही डबे घेऊन ते बोगद्यात शिरलं, शेवटचा डबा दिसेनासा झाला.

"इथे वहिनी दर वेळी पुढे वाकायच्या," वकील हळूच म्हणाले. "श्वास धरून. आणि बाहेर आलं की म्हणायच्या, आलं! सहा वर्षं, प्रत्येक फेरीला. मलाही सवय लागली. अजून मी एकटा असलो तरी..."

मला ते ऐकवत नव्हतं. सहा वर्षांतली प्रत्येक फेरी या माणसाने ऐकली होती आणि मी एकही नाही. मी पुढे वाकलो. बोगद्याच्या आतून आवाज येत होता, जवळ जवळ येत होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, वकिलांनी तोंड उघडलं होतं.

त्यांच्या आधी मी म्हणालो, "आलं!"